तिसऱ्या मजल्यावरची म्हैस

"...तापट आहे, पण पाणी फिरवत ठेवलं की दिवसभर राबेल आणि संध्याकाळी खेळेलसुद्धा!"

तिसऱ्या मजल्यावरची रेवती फोनवर बोलत होती. जिन्यात शालनकाकूंच्या कानावर एवढंच पडलं, आणि तिच्याकडे म्हैस येतेय ही बातमी दुपारपर्यंत सोसायटीभर झाली.

कैक वर्षं निवडणूकच न घेता अध्यक्ष राहिलेले केंजळे फाटक अडवून उभे राहिले. टेम्पोतून मात्र खोकी उतरली.

"म्हैस कसली काका, कॉम्प्युटर आहे," रेवती म्हणाली. "ऑफिसचं काम आता घरून करायचंय. हा वर गेला नाही तर माझी नोकरी जाईल. काम संपलं की त्यावर गेम खेळीन."

"कामाचा असेल तर घरात धंद्याला बंदी. खेळाचा असेल तर इथे खेळायला बंदी, पाटी वाच!" केंजळे गरजले. "काम आणि खेळ दोन्ही चालतं अशी एक तरी वस्तू या इमारतीत दाखव. खोकी मी स्वतः वर नेईन."

काकूंना पोरीची दया आली. रेवती शांतपणे म्हणाली, "तुमची खुर्ची आहे ना, काका! नावाला सोसायटीचं काम, खरी संगीतखुर्ची. तुम्ही एकदा बसलात, तेव्हापासून गाणं पुन्हा सुरूच होऊ दिलं नाहीत."

सगळी इमारत खो खो हसली. केंजळ्यांनी स्वतः सगळ्यात जड खोकं उचललं.

संध्याकाळी शालनकाकू पातेलं घेऊन बघायला गेल्या. काचेच्या पेटीत, कॉम्प्युटर तापू नये म्हणून, नळ्यांतून खरंच पाणी फिरत होतं.

खाली येऊन त्या ठसक्यात म्हणाल्या, "पाण्याचं मी खरं तेच सांगितलं होतं. दूध तेवढं देत नाही."