आंब्याला खाराचा नैवेद्य

घाटाखालच्या एका गावात लोणच्याचा एक व्यापारी राहत होता. जीभ अशी पक्की, की फोड तोंडात टाकली की मीठ कुठल्या आगरातलं ते सांगे. त्याच्या दारात एक आंबा होता. आतून पांढऱ्या, करकरीत कैऱ्यांमुळे त्याला सगळे 'खोबऱ्या' म्हणत. व्यापाऱ्याच्या लोणच्याचं नाव झालं ते या खोबऱ्याच्या जिवावर.

त्या घरची एक रीत होती. मीठ लावलेल्या फोडींना पाणी सुटतं, त्यातलं जास्तीचं खारपाणी खोबऱ्याच्या बुंध्याशी ओतायचं. "झाडाचं झाडाला," असं म्हणत व्यापाऱ्याचे वडील पेलाभर ओतत. पुढे मुलाचा धंदा वाढला, गावोगावच्या कैऱ्या येऊ लागल्या आणि पेल्याच्या घागरी झाल्या. देणारा हात मोठा झाला, याचं व्यापाऱ्याला कौतुकच वाटे.

एका वैशाखात खोबऱ्याची पानं कडेनं करपली. कोवळ्या कैऱ्या टपाटप गळू लागल्या. माती तर ओली! व्यापारी घाबरला. नैवेद्यात काही कमी पडलं असेल, म्हणून त्यानं आणखी दोन घागरी खारपाणी ओतलं. झाड जास्तच मलूल झालं.

शेजारी कुंभाराचा मडकी भाजायचा आवा होता. व्यापारी तिकडे धावला. "तुझ्या धुरानं माझं झाड मारलं!"

"शेठ, आवा माझ्या आज्याच्या वेळचा," कुंभार म्हणाला. "तेव्हा तुमचं झाड काय नाक दाबून उभं होतं?"

प्रकरण पंचांकडे गेलं. व्यापाऱ्याचा शब्द गावात वजनदार. उद्या सकाळी कुंभारानं आवा मोडावा आणि नदीपलीकडे जावं, असं ठरलं.

संध्याकाळी व्यापारी घरी आला, तर बायको परातीतल्या फोडी दाखवून म्हणाली, "बघा, सकाळी नुसतं मीठ चोळलं होतं. वरून थेंब घातला नाही, तरी केवढं पाणी सुटलंय!"

त्यानं फोडी पाहिल्या. आक्रसलेल्या, मऊ पडलेल्या. मग दारातून खोबऱ्याकडे पाहिलं. तसाच उठला, बुंध्याजवळची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

खारट! आणि मीठही ओळखीचं. त्याच्याच कोठीतलं.

त्यानं ते बायकोला सांगितलं. "आता काय करायचं हो?" तिनं विचारलं.

"गप्प बसलो तर कुणाला कळायचं नाही."

"तुमच्या जिभेला कळलंय ना?"

सकाळी व्यापारी ती परात घेऊन पंचांसमोर उभा राहिला. "आवा मोडू नका. झाड मी मारलंय," म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

पंचांमध्ये एक म्हातारी माळीण होती. ती म्हणाली, "अरे बाबा, मुळांतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत शिरतं. त्यात विरघळलेले चिमूटभर क्षारही मूळ उचलतं. पानांतून ओल हवेत उडते, तसतसं खालचं पाणी खोडातल्या केसासारख्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत ओढलं जातं. तू मातीच मुळापेक्षा खारट केलीस. उशाशी पाणी असून झाड तहानलं. मुळांचं लोणचं घातलंस की!"

पंच हसले. व्यापारी मान खाली घालून उभा. आता कुंभार चार शब्द सुनावणार, हे तो धरूनच चालला होता.

कुंभार उठला. "शेठ, चला. माती धुवायची असेल तर ते काम माझं."

त्यानं बुंध्यापासून उतारापर्यंत चर खणला. दोघं नदीचं गोडं पाणी आणून ओतत, ते मातीतलं मीठ घेऊन चरातून वाहून जाई. रोज व्यापारी माती चाखे आणि थुंके. "अजून आहे."

नवव्या दिवशी तो थुंकला नाही.

पंधरवड्यानं फांदीच्या टोकाला तांबूस, लुसलुशीत पालवी दिसली. व्यापारी झाडाखाली मट्‌कन बसला आणि किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला. पलीकडे आव्यातून धूर निघत होता. तोही त्याला बरा वाटला.

"मग यंदा झाडाला नैवेद्य काय?" त्यानं कुंभाराला हाक मारून विचारलं.

"परात घेऊन दहा हात लांब राहा, शेठ. झाडाला तेवढं पुष्कळ झालं!"

तात्पर्य काय, तर: देताना आपला हात किती मोठा ते पाहू नये, घेणाऱ्याला काय सोसतं ते पाहावं, आणि बिघडलंच, तर दुसऱ्याच्या धुराकडे बोट दाखवण्याआधी आपल्या दारची माती चाखावी.