पितळी हत्तीची अर्धी सोंड

फार पूर्वी एका राज्यातल्या लोकांना यंत्रांच्या खेळांचं भलतंच वेड होतं. जत्रेत पाळणे रिकामे फिरायचे, पण चावीवर नाचणारी बाहुली बघायला माणसं झाडावर चढायची. खेळवाल्यांची एक रीत होती. काही झालं तरी यंत्राचं पोट लोकांपुढे उघडायचं नाही.

त्या राज्यात एक तांबटीण राहायची. काय हात होता तिचा! तिनं आणि तिच्या नवऱ्यानं एक पितळी हत्ती घडवला होता. चावी दिली की तो सोंड उंच करायचा आणि समोरच्याच्या गळ्यात हार घालायचा.

त्या वर्षी जत्रेला राजा येणार होता. त्याला आवडेल त्या यंत्राला दरवर्षी जत्रा सुरू करण्याचा मान मिळणार होता. आणि नेमकी त्याच सकाळी, राजा यायच्या तोंडावर, हत्तीच्या पोटातली पोलादी कमान मोडली. तिच्या ताणावरच तर सोंड हलायची.

नवरा हळूच म्हणाला, "मी आत बसतो आणि हातानं सोंड हलवतो. पोट कोण उघडून बघणार आहे?"

"अहो, मग टाळ्या तुम्हाला पडतील. माझ्या हत्तीला नाही."

"आणि मान गेला तर?"

"जाऊ दे," तांबटीण म्हणाली आणि शेगडी पेटवायला बसली.

राजा आला. शेजारच्या खेळवाल्याचा लाकडी घोडा असा झोकात खिंकाळला, की राजा खूशच झाला. मग तांबटिणीची पाळी आली. तिनं सरळ हत्तीचं पोट उघडलं.

"महाराज, कमान मोडली आहे. इथंच बसवते."

खेळवाल्यांनी कपाळाला हात लावला. लोक मात्र पुढे सरकले. दातेरी चाकं बघून एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, आत खरंच कुणी नाही!"

"आता घोड्याचंही पोट दाखवा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. घोड्याचा मालक आडवा उभा राहिला. तेवढ्यात घोडा शिंकला.

लोक पोट धरून हसत होते, तोवर तांबटिणीनं कमानीचा उरलेला तुकडा शेगडीवर तापवून वाकवला, अडकवला आणि चावी दिली. कमान आता आखूड झाली होती. सोंड थरथरत वर आली आणि अर्ध्यावरच थांबली.

"बाई, तुझ्या हत्तीनं सोंड अर्धीच उचलली," राजा म्हणाला.

"हो महाराज. पण त्याची त्यानं उचलली!"

राजा आसनावरून उठला, हत्तीपुढे आला आणि हार गळ्यात पडेल इतका खाली वाकला.

तात्पर्य एवढंच: जे खरोखर आपलं आहे, ते अर्धं असलं तरी अभिमानानं दाखवावं.