झोपाळ्याची फळी आणि सोनेरी चौकट

"तो फणस उद्या पाडायचा!" भेंडगावच्या रणधुरंधर महाराजांनी झोपाळ्यावरूनच हुकूम सोडला.

रणधुरंधर हे नुसतं नाव, बरं का! लढाई त्यांनी चित्रातसुद्धा नीट पाहिली नव्हती. दिवसभर झोपाळ्यावर लोळायचं आणि कंटाळा आला की नवा छंद धरायचा. मागे पतंग झाले, मग पोपट झाले. यंदा कुणीतरी विलायतेची, तेलावर चालणारी साखळीची करवत नजर केली आणि महाराजांना लाकडाच्या फळ्या पाडायचं खूळ लागलं. गावात आरा चालवणारे होते, सुतार होते. पण रिकाम्या राजाला कोण समजावणार?

पहिली फळी म्हणे फणसाचीच हवी! आणि फणस निवडला तो नेमका आवडीच्या दारातला. आवडी म्हणजे महाराजांच्या झोपाळ्याला झोके देणारी पोर. फणसाचे गरे विकून तिची म्हातारी आई पोट भरायची. हुकूम ऐकताच आवडीचा हात थांबला.

"महाराज, फणस गेला तर माझी आई खाईल काय?"

"फळ्या बघून पोट भरेल तिचं!" झुंबरशेठ खिदळला. हा संस्थानातला बडा व्यापारी. करवत नुसती हातात धरली तर फळी सरळ निघत नाही, तिला चौकट जोडावी लागते, म्हणून हा चौकटींचा ढीग घेऊन वाड्यात ठाण मांडून बसला होता. त्यातली एक तर सोन्याच्या मुलाम्याची! तिची किंमत ऐकून दिवाणजींना उचकी लागली.

महाराज हौशी खरे, पण तितकेच चिक्कू. "एवढी महाग?" ते करवादले. मग आवडीकडे बघून गालात हसले. "फणस वाचवायचाय ना तुला? मग शेठच्या सगळ्यांत स्वस्त चौकटीहून स्वस्त काहीतरी शोध. पण फळी ह्या सोनेरी चौकटीहून सरळ निघाली पाहिजे! उद्या सकाळी जमलं तर फणस तुझा. नाही जमलं, तर कुऱ्हाड!"

सगळा दरबार हसला. दरबाराचं काय जातंय, पगारच हसण्याचा!

दुसऱ्या दिवशी वादळात पडलेला किंजळाचा एक ओंडका झोपाळ्यासमोरच्या चौकात आणून टाकला. आवडी म्हणाली, "महाराज, आधी सोनेरी चौकटीची करामत तर बघू द्या."

महाराजांनी बाह्या सरसावल्या. भर्र, घर्र, भुश्शाचे ढग! सोनेरी चौकट ओंडक्याच्या गाठींवरून उड्या मारत गेली, आणि फळी निघाली ती इथे जाड, तिथे पातळ. महाराज धापा टाकत झोपाळ्यावर जाऊन बसले.

"वाहवा! काय नागमोडी काम आहे!" मानकरी ओरडले.

"ह्याचा पाट केला तर जेवणारा आमटीसकट कलंडेल," आवडी म्हणाली.

"दोष ओंडक्याचा आहे!" झुंबरशेठ तडकला. "ओंडकाच वाकडा!"

"ओंडका सरळ असता तर तुमची चौकट कुणी घेतली असती, शेठ? अहो, चौकट ज्याच्यावरून सरकते तसंच कापते. वर सोनं चोपडलं म्हणून खालच्या गाठी सपाट होतात होय?"

असं म्हणून तिनं चौकटींशेजारी पडलेल्या शेठच्या पोत्यात हात घातला आणि तळातून एक बोटभर लोखंडी चिमटा काढला.

शेठ पोट धरधरून हसला. "अगं, हा? हा तर पावशेर गुळाच्या भावाचा! करवतीला अडकवायचा आणि फळीच्या कडेवरून सरकवायचा. पण त्यासाठी ओंडक्याइतकी लांब, सुतासारखी सरळ फळी आधीच असावी लागते! सरळ फळी काढायला सरळ फळी! आहे कुणाच्या बापाकडे?"

"आहे की," आवडी म्हणाली. "महाराज, जरा उठा."

"मी?"

"तुम्हीच. फळीवर तुम्हीच बसलाय ना!"

"भर दरबारात राजाला उठवतेस?" महाराज लालबुंद झाले.

"काय करू? सगळ्या राज्यात एवढी सरळ दुसरी वस्तू नाही. माणसांत तर शोधूच नका!"

महाराज गुरगुरत उठले. झोपाळ्याची सागवानी फळी ओंडक्यावर ठेवून पाचरी मारून पक्की केली. चिमटा कडेला लागला, महाराजांनी करवत चालवली. एक काप झाला. मग झोपाळ्याची फळी दोन बोटं बाजूला सरकवून दुसरा. निघाली की नवी फळी! दिवाणजींनी सूत धरून पाहिलं, कुठे केसाएवढी फट नाही.

"थांबा! ही शुद्ध लबाडी आहे!" झुंबरशेठ किंचाळला. "चिमटा असेल गुळाच्या भावाचा, पण झोपाळ्याची फळी अस्सल सागाची. तिची किंमत धरा! मग हिचंच सगळ्यांत महाग पडतं!"

महाराजांना तेवढंच निमित्त हवं होतं. "बरोबर! पोरी, हरलीस!"

आवडीच्या डोळ्यांपुढे कुऱ्हाड दिसली. पण जीभ काही डगमगली नाही.

"किंमत द्यायची ती जे वापरून संपलं, झिजलं त्याची. फळी परत साखळ्यांना लावा आणि महाराजांनी बसून बघावं. रतीभर जरी कमी झाली असेल तर फणस न्या!"

फळी लावली. महाराज बसले, हलले, डुलले. "आहे तशीच आहे," ते नाइलाजानं पुटपुटले.

"असणारच! इतकी वर्षं तुम्ही सकाळ-संध्याकाळ तिच्यावर बसताय, तरी ती झिजली नाही की वाकली नाही. मग ह्या चिमट्यानं काय झिजणार? हा काय महाराजांपेक्षा जड आहे?"

दिवाणजींनी तर डोळेच मिटून घेतले. महाराजांनी चिमट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि असे गदगदून हसले की झोपाळ्याच्या साखळ्या खणखणल्या.

"फणस तुझा! त्याला हात लावील त्याचा हात माझ्या करवतीखाली! आणि दिवाणजी, लिहून घ्या. आजपासून ह्या राज्यात सुईसुद्धा विकत घ्यायची झाली तर आधी आवडीला विचारायचं!"

झुंबरशेठ मटकन खाली बसला. बसला तोही नेमका त्या नागमोडी फळीवर, आणि कलंडला.