मांडीवरचं पोर आणि मळणीयंत्र

एका गावात एकच समाजवादी होता. त्याचं नाव दिनकर. लग्नाआधी तो साखर कारखान्यावर कामाला होता. तिथे त्याने सभा ऐकल्या, दोन-चार पुस्तकं वाचली, आणि एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली. जे सगळ्या गावाला लागतं ते सगळ्या गावाचं असावं, कुणा एकाच्या दारात नसावं.

विचार वाईट नव्हता. सांगायची रीत वाईट होती. कुणी एक शब्द आडवा बोललं की दिनकरचे कान लाल व्हायचे. मग आवाज चढायचा, आणि शेवटी तो समोरच्याला भांडवलदार म्हणायचा. एकदा त्याने शेजारच्या गंगुआत्तीलाच भांडवलदार म्हटलं. आत्तीच्या दोन शेळ्या होत्या. तिने तो शब्द आधी कधी ऐकला नव्हता, पण त्याच्या तोंडाकडे बघून ही शिवीच असणार हे तिने ओळखलं. त्यानंतर बरेच दिवस तिने त्याच्या घराकडे पाहिलंसुद्धा नाही.

गावाला तर हा खेळच मिळाला होता. पारावर सर्जेराव अण्णा नावाचे म्हातारे बसायचे. ते मुद्दाम विचारायचे, "काय रे दिनकर, सगळं सगळ्यांचं ना? मग तुझी म्हैस उद्या माझ्या दारात बांध. धार मी काढतो, शेण तू काढ." सगळा पार हसायचा आणि दिनकर तरातरा घरी निघून जायचा. एकदा रागाच्या भरात तो अण्णांच्याच चपला घालून गेला. अण्णा अनवाणी घरी गेले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले, "आला बरं का समाजवाद."

त्या गावात मळणीचं यंत्र नव्हतं. शेजारच्या गावचं यंत्र तिथलं सगळं उरकून मग इकडे यायचं. मागच्या साली ते येईपर्यंत अवकाळी पाऊस आला आणि खळ्यावरची ज्वारी भिजून काळी पडली. वर्षभर घराघरात काळपट भाकरी झाली. दिनकरची पोरगी आता कुठे कुस्करलेली भाकरी खायला लागली होती. ती भाकरी तिला पचत नव्हती. पोरीचं पोट फुगायचं, ती रडायची, आणि तिची आई कुसुम रोज नव्याने घाबरायची.

अशात तालुक्याहून निरोप आला. गावाला मळणीयंत्र मिळेल, पण ते सगळ्यांनी मिळून ठेवायचं. सगळ्या घरांची कबुली पाहिजे. एक घर जरी नको म्हणालं तरी यंत्र पुढच्या गावाला जाईल.

दिनकरला वाटलं, आपला दिवस आला. त्याने मोठं भाषण तयार केलं आणि गोठ्यात म्हशीपुढे म्हणून पाहिलं. म्हशीने काही आडवं विचारलं नाही, म्हणून भाषण चांगलं झालं असं त्याने धरलं. कुसुम मात्र म्हणाली, "अहो, तुम्ही बोलाल आणि यंत्र जाईल. पोरीसाठी तरी गप्प बसा." पण तो कसला ऐकतो.

त्या गावात उन्हाळ्यात बायका पाळीपाळीने एकमेकींकडे पापड लाटायला जायच्या. सभेच्या दिवशी नेमकी गंगुआत्तीची पाळी होती. आधीच आत्ती रुसलेली. कुसुम गेली नसती तर आत्ती कायमची तुटली असती. इकडे पोरीला दात येत होते, अंग कोमट होतं, रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. आत्ता कुठे ती झोपली होती. तिखटाच्या खकाण्यात तिला न्यायचं कसं? शेवटी पारावर सभेला माणसं जमत होती तेव्हाच कुसुमने येऊन झोपलेलं पोर दिनकरच्या मांडीवर ठेवलं. "मांडी हलवायची नाही, आवाज चढवायचा नाही. ही उठली तर मग तुम्हीच बघा," असं बजावून ती गेली.

सभा सुरू झाली. अण्णांनी लगेच म्हशीचा विषय काढला. दिनकरचे कान लाल झाले, छाती फुगली. तेवढ्यात पोरीने ओठ काढले. दिनकरने फुगलेली छाती तशीच खाली सोडली आणि कुजबुजत म्हणाला, "अण्णा, म्हैस ज्याची त्याला. आपण यंत्राचं बोलू."

कुणालाच ऐकू गेलं नाही. मागचे लोक उठून पुढे आले. पुढचे आणखी पुढे सरकले. झोपलेलं पोर उठवायचं नाही एवढी रीत त्या गावाला होती, म्हणून बाकीचेही कुजबुजत बोलायला लागले. सगळी सभा डोक्याला डोकं लावून कुजबुजत होती. रस्त्याने जाणाऱ्या एका परगावच्या माणसाला वाटलं, कुणीतरी गेलं. तो टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला.

कुजबुजत भाषण करता येत नाही. मोठे मोठे शब्द तर अजिबातच नाही. ते सगळे दिनकरच्या पोटातच राहिले. राहिली ती काळी भाकरी आणि पोरीचं पोट. तेवढंच त्याने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, कारण त्यांच्याही घरी तेच होतं.

आणि ओरडता येत नव्हतं म्हणून दिनकरला पहिल्यांदाच दुसऱ्याचं ऐकावं लागलं. अण्णा सांगत होते, "माझ्या बापाच्या वेळी गूळ करायची मोठी काहील सगळ्या गावाची होती. आमचा ऊस कायम शेवटी. उभ्या उभ्या वाळायचा. आता यंत्र एक आणि डोक्यावर पाऊस. आधी खळं कुणाचं, ते सांग. तू 'सगळ्यांचं' म्हणालास की मला आम्ही शेवटी उभे दिसतो."

दिनकर तोंड उघडणार तेवढ्यात कुसुम परत आली. पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला, अंग निवलं होतं. तिने पोरीला अलगद उचलून घेतलं.

दिनकरची मांडी मोकळी झाली. पारावरचे लोक सावरून बसले, कारण आता खरी मजा होती. अण्णाही हसले. "हं, सुटलास. आता म्हण मला भांडवलदार."

दिनकरचे कान लाल झाले. सगळं भाषण घशापर्यंत आलं. कुसुम पोरीला घेऊन पाराच्या कडेला तशीच थांबली. दिनकरने तिच्याकडे पाहिलं, मग पोरीने भिजवलेल्या आपल्या धोतराकडे पाहिलं, आणि तो मघाच्याच आवाजात म्हणाला, "अण्णा, तुमचं खरं आहे. आधी कुणाचं हे मला ठाऊक नाही. मी वाचलं त्यात ते नव्हतं. कसं करायचं, तुम्हीच सांगा."

अण्णांची पंचाईत झाली. त्यांनी सगळे टोमणे तयार ठेवले होते, पण आता टोमणा मारायला जागाच नव्हती. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, ज्याच्या खळ्यात पाणी साचतं त्याचं आधी घ्या, ज्यांच्या घरी हाताखाली माणूस नाही त्यांचं त्याच्यामागून, आणि बाकीच्यांचा क्रम दर साली फिरता ठेवा. म्हणजे कायमचा शेवटी कुणीच नाही. त्यावर चारजण बोलले. एकाने आडवा शब्द टाकला तसे अण्णाच भडकले, उठून उभे राहिले. तेव्हा दिनकरनेच त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "अण्णा, हळू. सगळं ऐकून घेऊ."

हात वर झाले. सगळ्यात शेवटी अण्णांचा झाला. पण ते एक अट घालून गेले, पुढच्या सभेलाही पोरगी पाहिजे.

यंत्र आलं. त्या साली ज्वारी पावसाआधी घरात आली आणि भाकरी पांढरी झाली. पोरगी अर्धी खायची, अर्धी कावळ्याला टाकायची, आणि कुसुम तिला ओरडायचीही नाही.

पुढे पोरगी मोठी झाली, मांडीवर बसेना. दिनकरचे कान मात्र अधूनमधून लाल व्हायचेच. मग पारावरचं कुणीतरी गुपचूप उठायचं आणि कुणाच्या तरी घरातलं झोपलेलं तान्हं पोर आणून त्याच्या मांडीवर ठेवायचं. दिनकर हळू बोलायला लागायचा. त्या पोराच्या आईलाही तेवढाच वेळ हात मोकळे मिळायचे.

तात्पर्य: ज्याला सगळ्यांचं भलं करायचं आहे, त्याने आपल्या विचाराला हसणाऱ्याशीही धीराने बोलावं आणि त्याचं आधी ऐकून घ्यावं, कारण त्याच्या टोमण्याच्या आत बरेचदा खरा प्रश्न असतो.