आतल्या चाकाचा हिरवा दिवा

"...मग आतल्या चाकाचं काय, उस्ताद? ते तुमच्या डोळ्यांना दिसतं तरी का?"

धैर्यशीलनं असं विचारलं, आणि बाबालाल उस्ताद नुसते हसले.

मलकापूरच्या नाक्यावर उस्तादांचं टायरचं दुकान. चाळीस वर्षं त्या माणसानं चाकंच पाहिली. त्यांच्याच हाताखाली पाच वर्षं काढून धैर्यशील पुण्याला गेला, शिकला, आणि आता मोठ्या गाड्यांच्या चाकांना हवेची राखण करणारी यंत्रं बसवत हिंडत होता. यंत्र सुपारीएवढं. व्हॉल्ववर पिळून बसवायचं. ड्रायव्हरपुढच्या पाटीवर चाकागणिक एक दिवा. हिरवा म्हणजे हवा ठीक, लाल म्हणजे उतरली.

आज सकाळीच त्यानं रंगराव ड्रायव्हरच्या बसला सहा यंत्रं बसवली होती. बसमध्ये अडतीस म्हातारी माणसं, डोळ्यांच्या शिबिराला निघालेली. पुढं आंबा घाट उतरायचा होता. धैर्यशीलनं हो म्हटलं की बस निघणार.

"मागं जोडचाकं असतात," तो सांगत होता. "आतलं बसलं तरी बाहेरचं त्याचा भार उचलतं. बघणाऱ्याला काही कळत नाही. मग घाटात दोन्ही फुटतात. यंत्राला मात्र आधी कळतं."

"त्याला कोण सांगतं?"

"मीच की. बसवलं की बटण दाबायचं. त्या घडीला चाकात जेवढी हवा असेल, ती ते ध्यानात ठेवतं. त्यापेक्षा उतरली की लाल."

"अस्सं..."

उस्ताद सावकाश उठले. टायर उचकटायची लोखंडी टॉमी घेऊन बसच्या मागं गेले. बाहेरच्या चाकावर ठोका दिला. टण्ण. मग टॉमी आत घालून आतल्यावर दिला.

थप.

पुन्हा एकदा. थप.

"आता कशाला ठोकाठोकी?" धैर्यशील म्हणाला. "वर चढून बघा. सहाच्या सहा हिरवे."

खिडकीतून एक आजी ओरडली, "अरं बाबांनो, डाक्तर डोळं तपासायला थांबलाय, तुम्ही चाकंच काय तपासताय!"

बस हसली. उस्तादही हसले.

दुकानाच्या भिंतीला टेकलेलं एक जुनं चाक त्यांनी लोळवत आणलं, आडवं टाकलं.

"एक यंत्र दे."

"याला? हे तर मेलेलं चाक आहे."

"दे तर."

उस्तादांनी यंत्र पिळून बसवलं. धैर्यशीलच्या हातात जादाची पाटी होती, तिच्याकडं बोट केलं.

"दाब बटण."

त्यानं दाबलं.

उस्ताद त्या चाकावर जाऊन बसले. चाक भिजल्या पोत्यासारखं खाली गेलं.

दिवा हिरवा होता.

धैर्यशीलनं दिव्याकडं पाहिलं. चाकाकडं पाहिलं. पुन्हा दिव्याकडं...

"रंगरावदादा," त्याचा आवाज उतरला होता. "हवा कालच भरली म्हणालात ना?"

"भरली की."

"सगळ्या चाकांत?"

रंगराव मान खाजवू लागला. "म्हंजे... पुढच्या दोन्हीत भरली, मागच्या बाहेरच्या दोन्हीत भरली. आतल्यांपर्यंत नळी पोचत न्हाई रं. कोण हात घालतंय तिथं!"

धैर्यशील हवा मोजायचा गेज घेऊन बसखाली शिरला. शंभर पौंड पाहिजे होती. डाव्या आतल्या चाकात पंचेचाळीस निघाली. उजव्या आतल्यात साठ.

बराच वेळ तो बाहेर आलाच नाही. आला तेव्हा शर्ट ग्रीसनं माखला होता. मान वर होत नव्हती.

"उस्ताद... मी तोंडानं नुसतं हो म्हणायचं बाकी होतं."

उस्तादांनी जॅक पुढं सरकवला.

म्हाताऱ्यांना खाली उतरवून आंब्याच्या सावलीत बसवलं. उशीर केला म्हणून आजीनं उस्ताद आणि धैर्यशील दोघांच्याही सात पिढ्या उद्धरल्या. धैर्यशीलनं खाली मान घालून ऐकून घेतलं. सहाही यंत्रं काढली. मागची चाकं खोलून आतून-बाहेरून चाचपली, मग सहाही चाकांत हवा भरली. एकेकाला स्वतः गेज लावला. रंगरावच्या शब्दावर विसंबला नाही, स्वतःच्या अंदाजावरही नाही. आणि मग, एकेक करून, यंत्र परत बसवलं, बटण दाबलं.

दीड तास गेला. बस घाटाकडं वळली, दिसेनाशी झाली.

जुन्या चाकावरचं ते एक यंत्र काढून धैर्यशीलनं तळहातावर घेतलं होतं. त्याच्याकडं बघत तो उभा राहिला.

"उस्ताद, खरं सांगा... याच्यावर विश्वास ठेवावा का नाही?"

उस्ताद फडक्यानं हात पुसत होते. एक बोट पुसलं. दुसरं पुसलं...

"त्यानं तुझ्यावर ठेवला होता की, लेकरा."