घाटाचा कर आणि कोंडाईची चूल

जगदेव नावाच्या एका राजाचे राज्य डोंगराच्या अल्याड आणि पल्याड पसरलेले होते. दोन्ही बाजू जोडणारा घाट मात्र एकच. घाटाच्या तोंडाशी नाका होता. भरलेल्या गाडीने तिथे दोन आणे पथकर द्यायचा आणि पुढे जायचे. रिकाम्या गाडीला काही नाही. त्या पैशांतून चाळीस बेलदार वर्षभर राबत. ते चर उपसत, दरडी हटवत, खचलेले कठडे बांधत. घाट कसा चालतो याचा विचार कधी कोणाला करावा लागला नाही.

राजाला पन्नाशीत मुलगा झाला. बारशाला राज्यातले मोठे व्यापारी आले. त्यांत गुलाबशेठ पुढे होता. त्याच्या दोनशे गाड्या मीठ आणि गूळ घेऊन घाटातून ये-जा करत. सोन्याचे वाळे बाळाच्या पायात घालून तो हात जोडून म्हणाला, की राजपुत्राच्या नावाने घाट मोकळा झाला तर प्रजा सात पिढ्या नाव काढील. राजा आनंदात होता. आनंदात माणूस जरा जास्तच उदार होतो. त्याने तिथल्या तिथे पथकर माफ केला. दवंडी पिटली, पेढे वाटले, नाक्यावरचा अडसर काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी खजिनदार त्र्यंबकपंत आले आणि बेलदारांचे पगार कुठून द्यायचे ते विचारू लागले. राजा वैतागला. सगळ्यांकडून थोडे थोडे घ्या, कोणाला कळणारही नाही, असे त्याने सांगितले. पंतांनी डोके खाजवले. गाडी सगळ्यांकडे नसते, पण चूल असते. मग दर चुलीमागे वर्षाला चार आणे अशी चूलपट्टी बसली. राज्यात बारा हजार चुली होत्या. हिशेब अगदी चोख जुळला.

पण कागदावरची चूल वेगळी आणि घरातली वेगळी. आपल्याकडे भाऊ भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या होतात. चार आणे वाचवायचे म्हणून आता त्या पुन्हा एक होऊ लागल्या. सगुणा आणि पारू या जावा अकरा वर्षे भांडून वेगळ्या झाल्या होत्या. तेव्हापासून दोघींचे मेतकूट जमले होते. आता त्या पुन्हा एका चुलीवर आल्या आणि आमटीत मीठ कोणी जास्त घातले यावरून तिसऱ्याच दिवशी भांडी आदळू लागली. असे घरोघर झाले. तीन वर्षांत बारा हजारांच्या सहा हजार चुली उरल्या. पंतांनी पट्टी वाढवत वाढवत आठ आण्यांवर नेली. त्यातले बरेचसे पैसे चुली मोजत फिरणाऱ्या कारकुनांच्याच पगारात गेले. निम्मे बेलदार काम सोडून निघून गेले.

घाटापासून दोन दिवसांच्या वाटेवर माळेवाडीत कोंडाई नावाची म्हातारी राहत होती. ती केरसुण्या बांधून विकायची. तिला ना दीर, ना जाऊ, ना लेक. चूल एक करायची तर कोणाशी करणार? कारकून आला आणि म्हणाला, की आठ आणे भर, नाहीतर पंधरा दिवसांत चूल मोड. चूल मोडली की तिला दुसऱ्याच्या दारात वाडग्यात मागून खावे लागले असते. कोंडाईने आयुष्यात कोणाकडे शिळा तुकडाही मागितला नव्हता. तिने पदरात भाकरी बांधली आणि ती राजवाड्याकडे चालू लागली.

दरबारात तिने आधी नमस्कार केला. मग विचारले, "महाराज, ही पट्टी कशापायी हाय?"

"घाटाच्या रस्त्यासाठी, आजी," राजा म्हणाला.

"मग त्यो घाट मला एकदा दावा. तीन वरसं त्याचं पैसं भरतीया, पण त्यो दिसतो कसा ते मला ठाऊक न्हाई."

दरबार हसला. राजाला मात्र हसू आले नाही. त्याने रथ जोडायला सांगितला आणि म्हातारीला शेजारी बसवले. पंतही बरोबर निघाले.

घाटाची दशा पाहून राजा रथातून खाली उतरला. चर बुजले होते. रस्त्यात गुडघाभर खड्डे पडले होते. कर नाही म्हटल्यावर गाड्याही वाढल्या होत्या आणि नाक्यावर अडवणारे कोणी नसल्याने प्रत्येक गाडीत दीडपट माल होता. एका वळणावर पाच गाड्या रुतून बसल्या होत्या. त्यातल्या एकीचा आस मोडला होता.

माल कोणाचा, असे कोंडाईने गाडीवानाला विचारले. तो गुलाबशेठचा होता.

"त्याच्या चुली किती?" तिने विचारले.

"शेठजींची? एकच."

"माझीबी एकच हाय," कोंडाई म्हणाली.

राजाची मान खाली गेली. त्याला मनापासून लाज वाटली. ते ओळखून पंत हळूच म्हणाले, की महाराजांनी भर बारशात शब्द दिला आहे. तो फिरवला तर लोक हसतील.

राजाने त्या मोडक्या आसाकडे पाहिले. मग म्हणाला, "हसू देत. शब्द माझा होता आणि त्याचे पैसे हिने भरले. आजपासून चूलपट्टी बंद. भरलेली गाडी पूर्वीसारखे दोन आणे देईल. चूक माझी झाली, हेही दवंडीत सांगा."

गुलाबशेठ तणतणत आला. पण तीन वर्षांत किती आस मोडले, किती बैल जायबंदी झाले आणि वळणावर गाड्या ढकलायला किती मजुरी गेली, हे त्याच्या मुनिमाने त्याला ऐकवले, तेव्हा तो मुकाट्याने उठला. पहिले दोन आणे त्याच्याच गाडीवानाने भरले. बेलदार परत आले. पावसाळ्याआधी चर वाहते झाले.

गावोगाव लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगुणा आणि पारू एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि हसत हसत आपापली भांडी उचलून वेगळ्या झाल्या.

कारकून माळेवाडीला आला तो कोंडाईचे नाव वहीतून खोडायला. तिने त्याला बसायला पाट दिला. पट्टीचे आठ आणे वाचल्याने डब्यात आता पीठ पुरेसे होते. तिने चुलीत दोन काटक्या सारल्या आणि त्याच्यासाठीही एक भाकरी थापली.

तात्पर्य: रस्ता कधीच फुकट नसतो, वापरणाऱ्याला त्याचा खर्च माफ केला, तर तो अशाच्या चुलीतून वसूल होतो ज्याने ती वाट कधी पाहिलेलीही नसते.