पागोट्यावरचा पाय

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, आमच्या टेंभुर्लीत हैबतीतात्या नावाचे एक गृहस्थ होते. कुणी म्हणतं ते ताडमाड उंच होते, कुणी म्हणतं बुटके होते. पागोटं मात्र भलंमोठं बांधायचे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ते लाल होतं की पांढरं, यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात.

तात्यांची सून सगुणा. नवी नवरी. चाल अशी की डोक्यावरची भरलेली घागर डुचमळायची नाही, असं म्हणतात. एके दिवशी जात्याला टाकी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टोचून खरखरीत करायचा, म्हणून ती वरची दगडी तळी उचलायला गेली, तळी हातातून सुटली आणि थेट तिच्या पायावर पडली. पाय असा सुजला की घोटा कुठं आहे तेच दिसेना.

हाडवैद्य धुळाजी आला. त्यानं पाय चाचपला, मान हलवली.

"तात्या, सूज आहे तोवर हाड हाताला लागायचं नाही. हिला आडवी निजवा आणि पाय काळजाच्या वर राहील असा उचलून ठेवा. खाली सोडू देऊ नका. मी बाजाराच्या दिवशी परत येतो. तोवर सूज उतरली तर हाड बसवीन. नाही उतरली तर ते वाकडंच जुळेल आणि पोर जन्माची लंगडी होईल."

झालं. गोधड्यांची चवड रचली, तिच्यावर पाय ठेवला. पण सूज काही हटेना! सकाळी जरा ओसरल्यासारखी वाटायची आणि संध्याकाळपर्यंत पाय पुन्हा दुधी भोपळ्याएवढा. सासूनं दृष्ट काढली. शेजारीण म्हणाली, गरम विटेनं शेका. दुसरी म्हणाली, छे छे, ओलं फडकं ठेवा. कुणी म्हणालं तळीच बाधली, कुणी म्हणालं धुळाजीलाच काही कळत नाही. तात्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"अरे, पाय वर आहे ना? मग ही सूज येते तरी कुठून?" ते एकेकाला विचारायचे. कुणाला काय ठाऊक! आणि सगुणा नुसती तोंडाला पदर लावायची.

आता त्या काळची रीत ऐका. सासरा घरात शिरायचा तो आधी बाहेर खाकरून. म्हणजे सुनेनं पदर सावरावा, उठून बसावं. सगुणा बसलेली दिसली तरी तात्यांना वाटायचं, आत्ता आपल्यापुरती उठली असेल. पण त्या दिवशी तात्यांचा घसा बसला होता. खाकरायला गेले तर आवाजच फुटेना. ते तसेच आत आले. बघतात तर सगुणा निजलेली, पाय चवडीवर. आणि त्यांना बघितल्याबरोबर बाईनं कळवळत पाय खाली ओढला आणि उठून बसली!

"हे काय गं?" तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मामंजी, तुमच्याकडं पाय करून निजू मी? मला नाही जमायचं."

तेव्हा कुठं तात्यांच्या डोक्यात उजेड पडला. घरात दिवसभर माणसांचा राबता. सासू, चुलत सासरे, भेटायला येणारी सगळी थोरली. कुणी खाकरलं की हिचा पाय खाली! म्हणजे सूज घालवायला माणसं यायची आणि त्यांच्या येण्यानंच सूज यायची. तात्या आधी चिडले, "हो मग लंगडी!" म्हणाले, आणि मग त्यांना रडूच आलं. बाप्यामाणूस, सुनेसमोर.

मग त्यांनी डोळे पुसले, डोक्यावरचं पागोटं उतरवलं, चवडीवर ठेवलं आणि सुनेचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्या पागोट्यावर टेकवला.

"अहो मामंजी, हे काय पाप घालता माझ्या माथी!"

"आता पाय काढलास की पागोटं लवंडून जमिनीवर पडेल. माझं पागोटं जमिनीवर पाडायचं असेल तर खुशाल काढ."

झाली ना पंचाईत! ठेवला तर पाप, काढला तर त्याहून मोठं पाप. सगुणा रडली, पण पाय जागचा हलला नाही.

तात्या बाहेर पडले बोडक्या डोक्यानं. तेव्हा घरात कुणी गेलं तरच माणूस बोडक्यानं दिसायचा. गावाला वाटलं, सून गेली! बायका गळा काढतच आल्या. आत बघतात तर सगुणा जिवंत, आणि तिच्या पायाखाली तात्यांचं पागोटं. रडावं की हसावं ते कुणाला कळेना. काही जण भडकले, "तात्या, घराण्याची अब्रू घालवलीत!"

"पागोटं माझं आहे. कुठं ठेवायचं ते मी ठरवीन," तात्या म्हणाले.

बाजाराच्या दिवसापर्यंत सुजेचं पाणी उतरून पागोटं ओलंचिंब झालं, पिळलं तर घागर भरली, असं म्हणतात. मला काही हे पटत नाही, पण माझी आजी शपथेवर सांगायची. सूज उतरली, हे मात्र खरं. धुळाजीनं हाड बसवलं आणि सगुणा पुढं नातवंडांच्या मागं धावली.

आमच्याकडं अजून तात्यांचं नाव घेऊन तसंच करतात. कुणाचा पाय मोडला, कुणी दवाखान्यातून पायाचं ऑपरेशन करून आलं, की घरातलं सर्वांत थोरलं माणूस आपली टोपी, फेटा, मफलर, जे असेल ते डोक्यावरून काढतं आणि दुखऱ्याच्या टाचेखाली ठेवतं.

मागच्या साली माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय टम्म. डॉक्टर म्हणाले, पाय उंचावर ठेवा. सुनेनं उशा रचल्या आणि गोंधळून उभी राहिली. टोपी कुणाची ठेवायची? घरात थोरली मीच. माझ्यावरचं कुणी उरलंच नाही. म्हटलं, राहू दे गं, उशा पुरे.

तर वरच्या आळीचे बाळोबा आले, नातवाच्या खांद्याला धरून. गावात माझ्याहून मोठे आता तेवढेच. त्यांनी टोपी काढली, माझ्या टाचेखाली सरकवली आणि म्हणाले, "आता हलायचं नाही हं, पोरी."

मला पोरी म्हणणारं कुणी आहे, हे मी विसरूनच गेले होते. मी रडले. पण पाय हलवला नाही.